शंभूच्या नावाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना गेमिंग लॅपटॉप आहे, आणि जुना असल्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. आठ वर्षं झाली मला. झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, पळायची नि वळायची बटणं झिजून गुळगुळीत झाली आहेत, आणि पंखा सुरू झाला की शेजाऱ्यांना वाटतं पिठाची गिरणी चालू झाली. हे सगळं मी चारचौघांत बिनधास्त सांगतो. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती कधी कुणाला सांगितली नाही, आज सांगणार आहे, तेव्हा जरा जवळ येऊन बसा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं विचाराल तर पांढरा उजेड आणि हातमोजे, एवढंच आठवतं. खरं आयुष्य सुरू झालं सांगलीतल्या एका दुकानात. दुकानदारानं मला काचेत मांडलं होतं, बटणांखालचे लाल दिवे लावून. येणारी-जाणारी पोरं काचेला नाक लावून बघायची आणि मी आपला फुगून बसायचो. शेजारी अगदी माझ्यासारखाच दुसरा एक होता, माझ्याच खोक्यांच्या थप्पीतून आलेला. आम्हां जुळ्यांना गिऱ्हाइकंही एकाच दिवशी मिळाली. मला घेतलं जिनेंद्रनं आणि माझ्या भावाला घेतलं शंभूराजनं.

जिनेंद्र हा नांद्र्याच्या आदगोंडा पाटलांचा मुलगा. घरचा ऊस, दारात म्हशी, आणि सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेतल्याशिवाय चहाला तोंड न लावणारी माणसं. शंभूराज पाटणचा. त्याचे वडील नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांची सगळी नोकरी सिग्नलमध्ये, वायरलेसचे सेट उघडण्यात आणि जुळवण्यात गेलेली. ही दोन पोरं कराडला इंजिनिअरिंगच्या एका वर्गात होती आणि एका खोलीत राहायची. चातुर्मासात जिनेंद्र कांदा-लसूण सोडायचा, तर शंभूराजही सोडायचा. "एका खोलीत दोन वास नगंत गड्या," म्हणायचा. असली दोस्ती होती त्यांची.

पहिली दोन-तीन वर्षं माझ्या थाटाला तोड नव्हती. दिवसा मी यंत्रांची ड्रॉइंगं काढायचो आणि संध्याकाळी गेम खेळवायचो. घरी न्यायचा तेव्हा जिनेंद्रची आई, प्रभावती, माझ्या पाठीवर हात ठेवून चटकन काढून घ्यायची. "अगंबाई, काय तापलंय हे! ह्याच्यावर दूध ऊन होईल की!" जिनेंद्र हसायचा आणि माझ्याखाली लाकडी पाट सरकवायचा. जीव होता त्याचा माझ्यावर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, पोरगं मुळातच वाईट होतं. तसं नव्हतं.

आता तुम्हांला रॅम म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्या पोटात बोटाएवढी लांब, पातळ, हिरवी पट्टी असते. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा तिचा उपयोग. ओटा मोठा असला की चार भांडी एकदम मांडता येतात, लहान असला की एक उचलावं तेव्हा दुसरं ठेवता येतं. आम्हां दोघा भावांना जन्मतः एकेकच पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी होती.

तिसऱ्या वर्षी नाथाजी पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले होते. येताना त्यांनी शंभूराजसाठी तशी एक पट्टी आणली, रुमालात गुंडाळून. एसटीनं थेट कराडला उतरले, खोलीवर आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आन रं तुजी मशीन." स्वतः मांडी घालून बसले आणि माझ्या भावाची पाठ उघडून पट्टी बसवली. बसवायच्या आधी तिच्यावरच्या काळ्या कागदावर पांढऱ्या रंगानं बारीक अक्षरांत लिहिलं, 'शंभू'.

"आबा, आवं नाव कशाला?" शंभूराज हसत होता.

"वस्तू आपली असली की तिच्यावर नाव पायजे. फौजेत चमच्यावर बी नाव असतंय."

त्या दिवसापासून माझा भाऊ वाऱ्यासारखा पळायला लागला. मी शेजारी बसून बघायचो. सख्ख्या भावाच्या ताटात जास्त वाढलेलं बघून जे होतं ते मला झालं. जिनेंद्रलाही झालं असावं. मी अडकलो की तो माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या भावाकडे बघायचा.

शेवटच्या वर्षी कॉलेजात गेमची स्पर्धा होती. शनिवारी दुपारी फेऱ्या. शुक्रवारी सराव करताना मी तीनदा अडकलो, आणि तिसऱ्यांदा जिनेंद्रनं माझं झाकण आपटलं. कोपरा उडाला तो तेव्हाच. शंभूराज गावच्या जत्रेला पाटणला गेला होता, लॅपटॉप खोलीवरच ठेवून. जिनेंद्र थोडा वेळ खाटेवर बसून राहिला. मग उठला, दाराला कडी घातली, बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्या भावाची पाठ उघडली.

"रविवारी संध्याकाळी परत ठेवतो," असं तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत ऐकायला मी एकटाच होतो.

नाथाजींनी आणलेली पट्टी त्यानं माझ्या खाचेत बसवली. माझ्या भावाची खाच रिकामी दिसू नये म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या भंगाराच्या खोक्यातून आणलेली, दिसायला तसलीच एक पट्टी तिथं खुपसली. चालू करून बघितलं. चालला. झालं, त्याचं समाधान झालं.

आणि माझं काय विचारता! मित्रांनो, खरं सांगतो, मला पंख फुटले. चोरीची पट्टी, पण काय तो वेग! मी एकदासुद्धा कुरकुर केली नाही. बोलता येत नाही हे खरं, पण आमच्या जातीला एक गोष्ट येते, ती म्हणजे बंद पडणं. मनात आणलं असतं तर ती पट्टी मी ओळखलीच नसती, नुसता काळा पडदा दाखवून बसलो असतो. मी तसं केलं नाही. उलट ऐटीत पळालो. एवढं करून जिनेंद्र पहिल्याच फेरीत हरला तो हरलाच.

रविवारी संध्याकाळची वाट बघायला नको म्हणून की काय, शंभूराज रविवारी सकाळीच परत आला, जत्रेतल्या भेंडबत्ताशाचा खाऊ घेऊन. मंगळवारी परीक्षा होती ना! कुपवाडच्या एका मोठ्या कारखान्याच्या डिझाइन विभागात दोन जागा होत्या आणि त्यासाठी ऑनलाइन पेपर होता. दोन जागा नि आपण दोघं, असा दोघांनी मनाशी हिशेबच करून टाकला होता. शंभूराज लॅपटॉप सोडून उठेना, आणि जिनेंद्रला पट्टी बदलायला एकांत मिळेना. 'परीक्षा होऊ दे, मग बदलतो' असं त्यानं ठरवलं. 'मला जरा लागली म्हणून घेतली' हे एक वाक्य तोंडानं सांगता आलं असतं, ते काही त्याला सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी दोघं समोरासमोरच्या भिंतींना पाठ लावून बसले, कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसू नये म्हणून. मला समोर माझ्या भावाची पाठ दिसत होती आणि तिच्या वरून शंभूराजचा चेहरा. चाळीस मिनिटं गेली असतील. तो चेहरा एकदम निळा झाला. माझ्या भावाचा पडदा निळा पडला होता. भंगारातल्या पट्टीनं दगा दिला होता.

शंभूराजनं लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा निळा. पुन्हा केला. एकदा बाहेर पडलं की त्या परीक्षेत परत आत घेत नव्हते. तो ओरडला नाही, कारण जिनेंद्रचा पेपर चालू होता. जिनेंद्रनं वर बघितलं. त्याला कळलं. त्याची बोटं माझ्या बटणांवर घामानं निसटत होती, पण त्यानं स्वतःचा पेपर सोडला नाही. पुरा सोडवला आणि मगच उठला.

"बघू आण," म्हणाला. माझ्या भावाची पाठ उघडली, ती भंगारातली पट्टी काढून मुठीत धरली. "शंभ्या, रॅम खराब निघाली रं."

"आबांनी आणलेली?"

"व्हय."

तेवढंच बोलला आणि पट्टी खिडकीतून ओढ्यात फेकून दिली. शंभूराजनं ती बघायलासुद्धा मागितली नाही. मित्रावर कोण संशय घेतो, सांगा! मी समोर उघडा पडलो होतो, 'शंभू' नाव माझ्या पोटात होतं, आणि माझे लाल दिवे झगझगत होते. त्या दिवसापासून मला त्या दिव्यांचा कंटाळा आला.

जिनेंद्रला कुपवाडची नोकरी लागली. शंभूराजनं आणखी दोन-चार ठिकाणी खटपट केली, काही जमलं नाही, मग पाटणला बाजारपेठेत कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. वाईट चाललं नव्हतं ते. पण ज्याला यंत्रं आखायची होती तो दुसऱ्यांच्या फुटलेल्या काचा बदलत बसला.

आता तुम्ही विचाराल, नंतर तरी पट्टी परत द्यायची! तर ऐका. जैनांच्या घरी पर्युषण संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून त्याची क्षमा मागायची. फार चांगली रीत आहे. पूर्वी दारोदार जाऊन मागायचे. जिनेंद्र दर वर्षी माझ्यावर एक सुंदर कार्ड करायचा. कमळ काढायचा, खाली 'मनानं, वाचेनं, देहानं, कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी' असं लिहायचा आणि एका झटक्यात चारशे माणसांना पाठवायचा. त्या चारशेंत शंभूराजही असायचा. त्याचं नाव निवडताना जिनेंद्रचं बोट थबकायचं. मग पाठवायचा आणि हुश्श करायचा, जणू झालं, सुटलो.

एका वर्षी शंभूराजचं उत्तर आलं, 'आबा म्हणत्यात, लेकरू बघ कसं हाय, न केलेल्या चुकीची माफी मागतंय.' जिनेंद्रनं ते वाचलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. आईनं विचारलं तर म्हणाला, उपास आहे. आणखी एक खोटं! पण पुढच्या वर्षी कार्ड पुन्हा केलंच. कमळ तेवढं बदललं.

पुढं कंपनीनं त्याला नवा लॅपटॉप दिला आणि मी कपाटावर गेलो. प्रभावतीनं माझ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि वर पंचांगांची चळत ठेवली. मला वाटलं, ठीक आहे, आपल्या पापाला हीच जागा बरी.

पण यंदा जिनेंद्रच्या धाकट्या बहिणीला, ब्राह्मीला, आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. पोरगी मोठी चलाख. तिनं मला खाली काढलं, पुसलं, सुरू केलं. मी धापा टाकत सुरू झालो. तिनं माझ्या आत काय काय आहे ते सगळं वहीत लिहून घेतलं आणि दादाला न विचारता थेट पाटणला फोन लावला.

"शंभूदादा, दादाचा जुना लॅपटॉप मला वापरायचाय. सुधारेल का हो? आत आठ-आठच्या दोन रॅम आहेत, हार्ड डिस्क जुनी, बॅटरी फुगल्यासारखी वाटते."

"आन की इकडं! डिस्कच्या जागी नवी एसएसडी टाकू, दोनी रॅम मोठ्या टाकू, बॅटरी बदलू. पळाय लागंल बघ. जिन्याला बी घिऊन ये, लय दिस झालं, तोंड दावलं न्हाई त्यानं."

ब्राह्मीनं हे जेवताना सांगितलं तेव्हा जिनेंद्रचा घास हातातच राहिला. "सांगलीत काय दुकानं नाहीत होय?" तो खेकसला. ब्राह्मी म्हणाली, "असं काय करतोस? तुझाच मित्र ना?"

रविवारी दुपारी सगळे पडले असताना त्यानं मला पुढच्या सोप्यात घेतलं आणि माझी पाठ उघडली. मला वाटलं, आता हा पट्टी कागदात नीट गुंडाळेल, सरळ पाटणला जाऊन मित्राच्या हातात देईल. छे! त्यानं ती उपसली आणि शर्टाच्या खिशात टाकली, म्हणजे शंभूराजला दिसायला नको. तेवढ्यात प्रभावती पाणी प्यायला उठली.

"काय करालास रं?"

"धूळ काढतोय, आई."

"काढ बाबा. दुसऱ्याच्या हातात द्यायचं ते साफ करून द्यावं," असं म्हणून ती गेली. जिनेंद्रनं धूळ काही काढली नाही, तसंच झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तो, ब्राह्मी आणि पिशवीत मी, असे सांगलीहून कराड आणि कराडहून पाटण, एसटीनं गेलो. शंभूराजचं दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, मागं घर. त्यानं जिनेंद्रच्या पाठीत धपाटा घातला, ब्राह्मीला स्टूल दिलं, आणि मला टेबलावरच्या रबरी चटईवर पालथं घातलं. "काय म्हातारबा," मला म्हणाला, "वळखलं का?" मला ओळखल्यासारखं काहीच करता येईना.

त्यानं स्क्रू काढले. आधी बॅटरीची तार सोडवली. मग थांबला.

"ब्राह्मी, तू दोन रॅम हायत म्हनलीस. हितं तर एकच हाय."

"दोनच होत्या," ब्राह्मी म्हणाली आणि वही उघडली. "हे बघा, परवाच लिहून घेतलंय. दादा, तू काढलीस का?"

शंभूराजनं खाचेवर बोट फिरवलं. सगळीकडं धुळीचा थर होता आणि तेवढीच खाच स्वच्छ होती. "हिकडं धूळ न्हाई. आत्ताच काडलीया कुनीतरी. जिन्या?"

"ती व्हय... ती खराब नि..."

मित्रांनो, चार वर्षांपूर्वीचं तेच वाक्य त्याच्या तोंडात आलं होतं. पण या वेळी ते पुरं होईना. त्यानं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा मित्राकडं, आणि खिशात हात घालून पट्टी चटईवर ठेवली. नाव वर आलं.

शंभूराजनं ती उचलली नाही. नुसता वाकून वाचत राहिला.

"कवा?"

"तू जत्रंला गेला हुतास तवा."

"आन माज्यात काय घातलंस?"

"लॅबमधली. भंगारातली."

"म्हंजे परीक्षेत..."

"व्हय. आन खराब निघाली म्हणून सांगितलं, ती बी भंगारातलीच. शंभ्या, क्षमा कर मला. हात जोडतो."

"तसलं कार्ड दर वरसाला येतंय की माज्याकडं," शंभूराज म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. ब्राह्मी भावाकडं बघत होती ती नजर मला सोसवेना, मग त्याला काय सोसवत असेल!

"नोकरीचं मरू दे," शंभूराज पुढं म्हणाला. "त्यावर माजं पोट अडलं न्हाई. पर त्या दिवशी मी आबांस्नी फोनवर काय बोललो, ठावं हाय तुला? म्हनलं, तुमी कसला बोगस माल आनलाय, तुमास्नी कळत न्हाई तर हात कशाला घालता. माजी नोकरी घालिवली तुमी. असं म्हनलं मी त्यास्नी. सुभेदार मानूस, जलमभर मशिनीत गेला. तवापास्नं घरातला एक दिवा बी बदलत न्हाईत. रेडू बिघडला तरी म्हनत्यात, तूच बघ बाबा, मला कळत न्हाई त्यातलं."

हे मला नवीन होतं, मित्रांनो. चार वर्षं मी समजत होतो की आपण एकाचंच नुकसान केलं. ज्यानं रुमालात गुंडाळून ती पट्टी आणली त्या माणसाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता, आणि जिनेंद्रच्याही आला नसावा. तो मटकन खाली बसला.

"ऊठ," शंभूराज म्हणाला. "माज्या माफीचं नंतर बघू. आदी आबांस्नी सांग. ह्यो लॅपटॉप असाच उघडा घे, आन तुज्या तोंडानं सांग."

नाथाजी मागच्या पडवीत घेवडा सोलत बसले होते. केस पिकले होते, पण पाठ ताठ. जिनेंद्रला बघून त्यांचं तोंड फुललं. "ये पोरा! पाटील कसं हायत? तोड झाली का उसाची? आगं ब्राह्मी तू व्हय ही? केवढी झालीस!" जिनेंद्रनं मला त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि स्वतः पुढ्यात बसला.

"आबा, तुमी शंभूला आणलेली रॅम खराब नव्हती. मीच काढून घेतली हुती, न विचारता. त्याच्यात भंगारातली घातली, ती बंद पडली. आन मी खोटं सांगितलं, तुमची खराब निघाली म्हणून." एवढं बोलून त्यानं पट्टी त्यांच्या हातावर ठेवली.

नाथाजींनी चष्मा लावला. पट्टी उजेडात धरली, नाव वाचलं, उलटी करून खाचेत बसणारे सोनेरी दात बघितले. नखानं कडेची धूळ काढली.

"म्हंजे ही चालतीया?"

"चार वर्सं झाली आबा. एक दिवस बी बंद न्हाई पडली."

"दुकानात दोन हुत्या," नाथाजी म्हणाले. ते जिनेंद्रशी बोलत नव्हते, आमच्यापैकी कुणाशीच बोलत नव्हते. "त्यो म्हनला, आजोबा, कंची बी न्या, सारख्याच हायत. मी म्हनलं, सारख्या न्हाईत, दोनी दाव. चष्मा लावून बगितल्या. एकीचा दात कडंला घासल्याला हुता. मी चांगली बघून आनली हुती रं. मला वाटत हुतं, मी चांगलीच आनलीया. मागनं म्हनलं, नसंल बाबा, आपलं वय झालं."

शंभूराज त्यांच्या गुडघ्याला धरून रडायला लागला. "आबा, नगं नगं ते बोललो मी. चुकलं माजं." म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. ब्राह्मी तोंड फिरवून उभी राहिली.

"आबा, मला क्षमा करा," जिनेंद्र म्हणाला.

नाथाजींनी त्याच्याकडं बघितलं. "आज न्हाई व्हनार पोरा माज्याच्यानं. खोटं कशाला बोलू? जेवून जा, उपाशी जाऊ नगंस. पर आज न्हाई." जिनेंद्रनं मान हलवली. त्याला त्यापेक्षा जास्त मागायचा हक्क नव्हता, आणि हे त्याला कळत होतं असं मला वाटलं.

नाथाजींनी पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी त्यांच्यापुढं उघडाबोडका पडलो होतो, पोटात आठ वर्षांची धूळ, पंख्याच्या पात्यांत केसांचा गुंता. वाटलं, आता उचलून आपटतील. आपटलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

"काय दशा केलीया ह्येची," ते म्हणाले. "पंख्याला वारा कुठनं मिळायचा? शंभू, बारका बुरुस आन. आन ती पेस्ट बी आन, वाळून खडा झाल्याली दिसतीया."

"मी करतो की आबा."

"तू बस," नाथाजी म्हणाले आणि मला मांडीवर घेतलं. "मला कळतंय त्यातलं."

त्यांनी पात्यांमधली धूळ फुंकली, वाळलेली पेस्ट, म्हणजे आमची उष्णता बाहेर नेणारा लेप, पुसून नवी लावली, नव्या पट्ट्या आणि नवी डिस्क बसवली. फुगलेली बॅटरी काढताना ब्राह्मीला लांब उभं केलं आणि ती कशी हाताळायची ते नीट समजावून सांगितलं. तास-दीड तास त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही. मी सुरू झालो तेव्हा गिरणीचा आवाज नव्हता. ब्राह्मीनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

आता मी ब्राह्मीच्या टेबलावर असतो. माझ्या पोटातलं जवळजवळ सगळं नवं आहे आणि वेग पहिल्यापेक्षा जास्त आहे. जिनेंद्र दर महिन्याला एकदा पाटणला जातो. नाथाजी त्याला जेवायला घालतात, अजून क्षमा केलेली नाही. तो तरीही जातो.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे शेवटी म्हणतात, आम्हांला जपा. तसं म्हणायचं तोंड मला नाही. आमची धूळ काढलीत तर उपकार होतील, नाही काढलीत तर आमची दुरुस्ती कुणीतरी करील. पण तुमच्या हातून कुणाचं काही घेतलं गेलं असेल, तर कार्ड पाठवू नका. त्याच्या दारात जा, आणि आजच जा. तुम्हांला वाटेल तेवढंच नुकसान झालेलं नसतं. पाटणला चार वर्षं एक शहाणा माणूस स्वतःला अडाणी समजत बसला होता, आणि मी त्याचीच पट्टी पोटात घालून गेम खेळवत होतो.